आई-वडिलांनी संमती लिहून दिली की पालकत्व मिळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचा धाकटा भाऊ आणि वहिनी दोघंही नोकरीसाठी मस्कतला आहेत. त्यांची नऊ वर्षांची मुलगी गेल्या जूनपासून इथे आत्याकडे, म्हणजे ताईंकडे राहते. भाऊ-वहिनी म्हणतात, ‘आम्ही स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, तूच तिची कायदेशीर पालक हो.’ शाळेनं कागद मागितलाय, बँकेनंही मागितलाय. नोटरी केलेलं संमतीपत्र पुरेल, की कोर्टात जावं लागेल?

ताई, सरळ उत्तर आधी देतो. आई-वडिलांनी कितीही राजीखुशीनं लिहून दिलं, नोटरी केलं, अगदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं, तरी त्या कागदानं तुम्ही कायदेशीर पालक होत नाही. आणि तुम्ही सांगता त्या परिस्थितीत तुम्हाला कायदेशीर पालक होण्याची बहुधा गरजही नाही. आता हे दोन्ही नीट उलगडून सांगतो, कारण या एका गैरसमजापायी लोक एकतर निष्कारण कोर्टाची पायरी चढतात, नाहीतर जिथे चढायलाच हवी तिथे शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर विसंबून राहतात.

कायद्यानं पालक होण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. आई-वडील नैसर्गिक पालक असतात. त्यांनी मृत्युपत्रात कुणाला नेमलं तर तो मृत्युपत्रानं झालेला पालक. आणि न्यायालयानं नेमलेला पालक. हिंदूंसाठी हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियमात आहे. न्यायालयीन नेमणुकीची सगळी पद्धत १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमात आहे आणि तो कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. या वाटांमध्ये ‘आपसांतल्या कराराने झालेला पालक’ कुठेही नाही. जमीन बक्षीसपत्रानं दुसऱ्याच्या नावावर होते, तसं मूल होत नाही.

या मुद्द्यावर एक जुना निकाल आहे, तो आजही युक्तिवादात वाचला जातो. अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत काम करणाऱ्या नारायणय्या यांनी मार्च १९१० मध्ये आपल्या दोन मुलांचं पालकत्व ॲनी बेझंट यांना लेखी दिलं. त्यातला थोरला म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगभर गाजलेले जे. कृष्णमूर्ती, धाकटा नित्यानंद. बेझंट यांनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेलं. नंतर वडिलांचं मन पालटलं, त्यांनी दावा लावला, आणि १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं मुलं वडिलांकडे परत देण्याचा हुकूम केला. बेझंट प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयात गेल्या आणि १९१४ मध्ये जिंकल्या. पण त्या जिंकल्या त्या वडिलांनी लिहून दिलेल्या कागदाच्या बळावर नव्हेत. ज्या जिल्ह्यात दावा लावला होता, तिथे मुलं राहतच नव्हती, त्यामुळे तिथल्या न्यायालयाला अधिकार नव्हता, आणि मुलांना काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं, या कारणांवर मद्रासचा हुकूम रद्द झाला.

संमतीबद्दल त्या निकालात जे म्हटलंय ते तुमच्या कामाचं आहे. पालकत्व हा एक विश्वस्त-धर्म आहे. वडील आपल्या हयातीत आपल्या जागी दुसरा पालक बसवू शकत नाहीत. मुलाचा सांभाळ आणि शिक्षण ते दुसऱ्याकडे सोपवू शकतात, पण ते सोपवणं कधीही मागे घेता येतं. मात्र त्या सोपवण्यावर विसंबून मुलाचं एक आयुष्य उभं राहिलं असेल, नाती जुळली असतील, अपेक्षा तयार झाल्या असतील आणि ते मोडणं मुलाच्या हिताचं नसेल, तर न्यायालय मध्ये पडून पालकाला थांबवू शकतं.

शंभरहून अधिक वर्षांनंतरही व्यवहारात हेच चित्र आहे. उदाहरण द्यायचं तर आपल्याच राज्यातलं एक प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. आई कर्करोगानं गेली, त्याआधी वडील स्वतःच गंभीर आजारानं रुग्णालयात होते, त्या काळात लहानगी आईच्या माहेरी राहिली. बरे झाल्यावर वडिलांनी तिला मागितलं, माहेरच्यांनी दिलं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं ताबा वडिलांना दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला, मावशी-मामांना भेटीची सोय करून दिली. सांभाळणाऱ्यांनी मुलीला प्रेमानंच वाढवलं होतं, याबद्दल वाद नव्हता. तरीही अडचणीच्या काळात सोपवलेलं मूल म्हणजे सोडून दिलेलं मूल नव्हे, हे न्यायालयानं पाहिलं. तुमचा भाऊ चार वर्षांनी परत आला आणि ‘माझी मुलगी दे’ म्हणाला, तर त्यानं सही केलेला कागद दाखवून तुम्ही त्याला अडवू शकणार नाही. अडवावं असंही नाही.

मग त्या कागदाचा उपयोग काय? भरपूर आहे. तो सांभाळ सोपवल्याचा पुरावा आहे, आणि रोजच्या बऱ्याच गोष्टी सांभाळ करणाऱ्यालाच करता येतात.

शाळेचं घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ‘पालक’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे: ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे तो पालक, नैसर्गिक आणि न्यायालयानं नेमलेला पालक त्यात येतातच. म्हणजे पहिली ते आठवीच्या शाळेला ‘कोर्टाचा आदेश आणा, तरच प्रवेश’ असं म्हणण्याला त्या कायद्याचा आधार नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. शाळेनं ओळख पटवायला भाऊ-वहिनींचं पत्र मागणं मात्र रास्त आहे. मूल कुणाच्या हाती द्यायचं, हे तिला ठाऊक असलंच पाहिजे.

दवाखान्याचंही तसंच. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेल्या उपचाराला पालकाची ‘किंवा ज्याच्या कायदेशीर देखरेखीखाली मूल आहे त्याची’ संमती चालते, असं भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम ८९ होतं. आणि जीव वाचवण्याची घाई असेल, संमती घ्यायला वेळच नसेल, तर त्यासाठी कलम ३० आहे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला मात्र आई-वडिलांची सही घ्याच, फोनवरून आणि मेलवर का होईना. डॉक्टरांना त्यानं निर्धास्त वाटतं आणि उद्या काही उणं-अधिक झालं तर घरात वाद होत नाहीत.

बँकेचं वेगळं आहे. अज्ञानाचं, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचं खातं चालवायला बँकेला नैसर्गिक पालक लागतो किंवा न्यायालयानं नेमलेला. तिथे तुमच्या संमतीपत्राचा उपयोग नाही, आणि त्यासाठी कोर्टात जाण्यातही अर्थ नाही. खातं वहिनींना पालक दाखवून उघडा. आईला पालक ठेवून खातं उघडता येतं. शिवाय रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरील मुलांना, बँक ठरवेल त्या मर्यादेत, बचत खातं स्वतः चालवता येतं. भाची पुढच्या वर्षी दहाची होईल.

आता कोर्टात कधी जायचं. आई-वडील दोघंही नाहीत. एक नाही आणि दुसरा असून नसल्यासारखा, म्हणजे दीर्घ तुरुंगवासात, गंभीर मानसिक आजारात, किंवा कित्येक वर्षं बेपत्ता. किंवा मुलाच्या नावावर मालमत्ता आहे आणि तिचा व्यवहार करायचा आहे. अशा वेळी आदेश हवाच. तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे आई-वडील दोघंही धडधाकट आहेत, कमावते आहेत, रोज रात्री लेकीशी व्हिडिओवर बोलतात, तिथे एक मोठी अडचण उभी राहते. ती म्हणजे १८९० च्या कायद्याचं कलम १९. आई किंवा वडील हयात आहेत आणि न्यायालयाच्या मते पालक म्हणून अपात्र नाहीत, तर न्यायालय मुलाच्या व्यक्तीचा, म्हणजे मालमत्तेचा नव्हे तर खुद्द मुलाच्या सांभाळाचा, दुसरा पालक नेमू शकत नाही. पूर्वी या कलमात फक्त वडील होते, २०१० च्या दुरुस्तीनं आई आली.

म्हणजे संमती आहे म्हणून काम सोपं होईल असं वाटतं, पण संमती देणारे आई-वडील सुज्ञ आणि प्रेमळ असल्याचं जितकं ठळक दिसतं, तितकी ही अडचण मोठी होते. काही न्यायालयांनी कल्याणाचा मुद्दा वरचढ मानून अशा याचिका मंजूर केल्या आहेत, काहींनी ‘पात्र पालक हयात आहेत’ एवढ्यावर फेटाळल्या आहेत. अर्ज करायचाच झाला तर आई-वडील सांभाळ का करू शकत नाहीत, याची खरी, कागदानिशी मांडलेली कारणं लागतात. आणि इथे कळकळीनं सांगतो: अर्ज टिकावा म्हणून भावाला व्यसनी किंवा बेजबाबदार रंगवू नका. असं सुचवणारे लोक भेटतात. ती वाक्यं कायम रेकॉर्डवर राहतात, आणि मुलगी मोठी झाल्यावर ते कागद वाचू शकते.

कोर्टात संमतीचं नेमकं स्थान काय, तेही समजून घ्या. याचिका मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, आणि कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे जिल्हा न्यायालयात करायची. त्यात मुलाची जन्मतारीख, धर्म, राहण्याचं ठिकाण, जवळचे नातेवाईक कोण आणि कुठे राहतात, पूर्वी असा अर्ज झाला होता का, आत्ताच का करावा लागतोय, हे सगळं लिहावं लागतं. कलम १० प्रमाणे होणाऱ्या पालकाची स्वतःची तयारी सांगणारं घोषणापत्र जोडावं लागतं, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. गंमत बघा, कायद्यानं लेखी स्वरूपात सक्तीनं मागितलेली संमती ही आई-वडिलांची नाही, जबाबदारी घेणाऱ्याची आहे. त्याच्या इच्छेविरुद्ध कुणालाही पालक नेमता येत नाही.

आई-वडिलांना मिळते ती कलम ११ ची नोटीस. ते हजर होऊन किंवा प्रतिज्ञापत्रावर ‘आमची हरकत नाही’ म्हणतात. हा पुरावा वजनदार आहे, पण शेवटचा नाही. न्यायाधीश कलम १७ च्या नजरेनं पाहतात: मुलाचं वय, लिंग, धर्म, होणाऱ्या पालकाचं वर्तन आणि कुवत, नात्याची जवळीक, आजवरचे संबंध, दिवंगत आई किंवा वडिलांची काही इच्छा असेल तर ती. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंतीही. मुलाशी न्यायाधीश बहुतेक वेळा चेंबरमध्ये बोलतात, वकिलांना बाहेर ठेवून. तिथे ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ असा प्रश्न थेट क्वचितच येतो. डबा कोण भरतं, ताप आला तर रात्री कोण उठतं, शाळेतून आल्यावर दार कोण उघडतं, असं विचारत विचारत ते घराचा अंदाज घेतात. पढवून आणलेलं मूल तिथे लगेच उघडं पडतं. ‘आत्याकडे सर्वांगीण विकास होईल’ हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलीचं नसतं.

आदेश झाला की जबाबदारीही त्यासोबत येते. पाल्याचं पालनपोषण, आरोग्य, शिक्षण पाहायचं. न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर पाल्याला न्यायचं तर परवानगी लागते, हे बहुतेकांना आदेशानंतर कळतं. म्हणजे बदली झाली, शहर बदललं, तर पुन्हा अर्ज. आज भावाच्या पत्रावर तुम्ही तिला सुट्टीत कुठेही नेऊ शकता. न्यायालयाकडून पालक झालात की ती मोकळीक आकसते. गरज नसताना आदेश घेऊ नका, असं मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

आता एका अशा संमतीपत्राबद्दल बोलायलाच हवं, जे माझ्याकडे सर्वांत जास्त येतं आणि जे पाहून मला दरवेळी संताप येतो. तरुण मुलगा अपघातात किंवा आजारात जातो. सून पंचवीस-सव्वीस वर्षांची. वर्षा-दोन वर्षांत माहेरचे तिच्या दुसऱ्या लग्नाचं पाहतात, आणि सासरची मंडळी एक कागद पुढे करतात: ‘मी माझ्या मुलाचं पालकत्व आजी-आजोबांना राजीखुशीनं दिलं असून यापुढे त्याच्यावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.’ नव्या सासरी मूल नको असतं, जुन्या सासरी वंशाचा दिवा हवा असतो, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये बसलेली ती आई सही करते.

त्या कागदानं तिचं पालकत्व जात नाही. १९५६ च्या कायद्यात आईनं पुनर्विवाह केला म्हणून ती नैसर्गिक पालक राहत नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. तिचा नवा नवरा त्या मुलाचा नैसर्गिक पालक होत नाही, एवढंच. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असं तोच कायदा म्हणतो. तिनं पुढे मूल मागितलं तर न्यायालय तो कागद कोणत्या परिस्थितीत झाला हे विचारेल, आणि मुलाचं हित कशात आहे ते पाहील. हे दोन्ही बाजूंना सांगतो. आजी-आजोबा खरोखर मुलाचा जीव की प्राण असतील, मूल त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढत असेल, तर त्यांनी अशा कागदावर विसंबू नये. आईला बरोबर घेऊन, तिच्या भेटीचे दिवस लिहून, रीतसर न्यायालयात यावं. आणि ज्या आईनं सही केली आहे तिनं ‘आता माझं काहीच उरलं नाही’ असं समजून गप्प बसू नये. मात्र वर्षं जाऊ देऊ नयेत. मूल जितकं तिथे रुजतं, तितका प्रिव्ही कौन्सिलच्या निकालातला, जुळलेली नाती मोडणं मुलाच्या हिताचं नसेल तर पालकाला थांबवता येतं, हा भाग तिच्याविरुद्ध जाऊ लागतो.

मालमत्तेचा मुद्दा थोडक्यात, पण नीट लक्षात ठेवा. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कुणाचं तरी नाव लागतं. ते नाव काकाचं असो वा आत्याचं, त्या महसुली नोंदीमुळे जमीन विकण्याचा अधिकार मिळत नाही. नैसर्गिक पालकालासुद्धा मुलाची स्वतंत्र स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतं. आणि नुसता सांभाळ करणाऱ्याला, ज्याला आपण वास्तविक पालक म्हणतो, त्या मालमत्तेला हात लावण्याचा अधिकारच नाही. आई-वडिलांनी संमती दिली तरी नाही. तुमच्या भाचीच्या नावावर काही जमीन-घर असेल तर ते व्यवहार भाऊ-वहिनींकडेच राहू द्या.

काही जण विचारतात, ‘मग दत्तकच घेतलं तर?’ हे पालकत्वाचं पुढचं पाऊल नाही, ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. वैध दत्तक रद्द करता येत नाही, मूल जन्मघरातून तुटतं, वारसाहक्क बदलतो. तिथे आई-वडिलांची संमती हा खरोखर गाभा असतो. तात्पुरत्या सोयीसाठी त्या दाराशीही जाऊ नका. पालकत्व मात्र मूल अठराचं झालं की आपोआप संपतं. न्यायालयानं पालक नेमला असेल तर वय एकवीस धरायचं, असं अजूनही बऱ्याच जणांच्या तोंडी असतं. ती तरतूद १९९९ च्या दुरुस्तीनं गेली.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा. कोर्टाचा विचार सध्या सोडा, आणि कागद चांगला करा. त्याला ‘पालकत्व हस्तांतरण’ म्हणू नका, ‘सांभाळाचं अधिकारपत्र’ म्हणा. भाऊ आणि वहिनी, दोघांच्याही सह्या हव्यात. एकट्या वडिलांची सही असलेली पत्रं पुढे अडतात. मजकूर साधा ठेवा. साधारण असा: ‘आमची मुलगी … ही आमच्या संमतीने तिची आत्या … यांच्याकडे राहते. आम्ही तिचे नैसर्गिक पालक आहोत आणि राहू. शाळेचा प्रवेश, पालकसभा, सहलीची परवानगी, प्रगतिपुस्तकावर सही, नेहमीचे औषधोपचार आणि तातडीचे उपचार यांबाबत आत्या निर्णय घेऊ शकतील. ठरवून करायची शस्त्रक्रिया, परदेश प्रवास आणि शाळा बदलणे यासाठी आमची स्वतंत्र लेखी संमती घेतली जाईल. हे पत्र आम्ही कधीही मागे घेऊ शकतो.’ खाली मुदत लिहा, एक शैक्षणिक वर्ष पुरे, मग दरवर्षी नवं. खर्चाला दरमहा किती पाठवायचे तेही लिहून ठेवा. बहीण-भावात हे लिहिताना संकोच वाटतो, पण पैशावरूनच पुढे कटुता येते.

सह्या मस्कतमध्ये भारतीय दूतावासात अधिकाऱ्यासमोर करा, तिथे साक्षांकन करून मिळतं. त्याला मुखत्यारपत्राचं रूप देणार असाल तर कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा. दोघांच्या पासपोर्टची आणि मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत जोडा. दोघं सुट्टीवर येणार असतील तर इथेच नोटरीसमोर केलेलं सर्वांत सोपं.

आणखी एक गोष्ट त्याच सुट्टीत करून घ्या. दोघांनाही मृत्युपत्र करायला सांगा आणि त्यात एकमेकांपश्चात मुलीची पालक म्हणून तुमचं नाव घालायला लावा. वडिलांनी एकट्यानं नेमलं तर आई हयात असेपर्यंत ती नेमणूक चालत नाही, म्हणून आईच्याही मृत्युपत्रात ते हवं. नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार हवेत. या सगळ्यात तुम्हाला खऱ्या अर्थानं पालक करू शकणारी, आई-वडिलांच्या हातात असलेली कायदेशीर वाट ही एवढीच आहे. आणि हे करताना भाचीला बाजूला बसवून, तिच्या वयाला झेपेल इतकं सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला ‘मला आत्याला देऊन टाकलं’ असं वाटायला एक अर्धवट ऐकलेलं वाक्य पुरतं.